बोलण्याचा दवाखाना आणि पेणची पहिली गाडी

मी काय शिकून आले होते ते पनवेलमध्ये कुणालाच कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते धड सांगता येत नव्हतं. सत्तर साल उजाडायला अजून दोन-तीन वर्षं होती. बोलण्यातल्या दोषांवर उपचार करायचं शिक्षण तेव्हा मुंबईत नुकतंच सुरू झालं होतं आणि अगदी सुरुवातीच्या तुकडीत मी होते. अडखळणारी, तोतरं बोलणारी, टाळू फाटलेली, अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेलेली अशी माणसं आमच्यापुढे यायची. आम्ही मूठभर पोरंपोरी, डोकी सतत ढगात. आता या देशात एक माणूस अडखळायचा राहणार नाही, असं आम्ही कॅन्टीनमध्ये बसून ठरवून टाकलं होतं.

आईचं मत वेगळं होतं. "बोलायला शिकवायला कॉलेज लागतं? आणि त्यांनी तुला घेतलं? अगं, तुला गप्प बसायला शिकवणारं कॉलेज निघालं असतं तर मी स्वतः तुला हाताला धरून नेऊन बसवलं असतं!"

आमच्या आळीच्या टोकाला एक डॉक्टर होते, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, पनवेलातच जन्मलेले. त्यांचे निम्मे नातेवाईक इस्रायलला निघून गेले होते आणि हेही दर दिवाळीला जायचं ठरवत आणि दर होळीला राहायचं ठरवत. त्यांनी दवाखान्यामागची सामानाची खोली मला उघडून दिली. "घे. मी गेलो तर पुढचा दवाखानाही घे. नाही गेलो तर मात्र आवाज जरा खाली ठेव." खोलीत रिकाम्या बाटल्या, मोडकं स्ट्रेचर आणि उंदीर होते. बाटल्या नि स्ट्रेचर मी बाहेर काढलं. उंदरांनी माझे सगळे स्वरांचे व्यायाम ऐकले.

पाटी लिहिणाऱ्या पेंटरला मी माझ्या विषयाचं ते लांबलचक भारदस्त नाव सांगितलं, तर त्यानं ब्रशच खाली ठेवला. "बाई, हे वाचून होईस्तोवर पेशंट घरी पोचेल." आणि स्वतःच्या अकलेनं 'बोलण्याचा दवाखाना' एवढंच रंगवून मोकळा झाला. मी भडकले, पाय आपटले, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर दारात रांग.

रांग कसली, जत्रा! एक आजी पिंजऱ्यासकट पोपट घेऊन आल्या. शेजारणीचा बोलतो नि यांचा नुसता मिरच्या खातो. एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. मी सुनेला आ करायला लावलं, जीभ पाहिली, म्हटलं हिला काहीच झालेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "झालेलं नाही कसं? सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असते. थोडं कमी करून द्या." सून माझ्याकडे बघून डोळा मारत होती. एक गृहस्थ म्हणाले, माझी बायको माझ्याशी चार महिने बोललेली नाही, औषध द्या. मी विचारलं, तुम्ही काय केलंत? तेव्हापासून तेही माझ्याशी बोलेनासे झाले.

खरे पेशंटही यायचे, पण आधी सगळं करून झालेलं असायचं. जीभ जड म्हणून मधात वेखंड उगाळून चाटवलेलं, जिभेखाली खडे ठेवून बघितलेले. आणि माझ्याकडे होतं काय? परदेशी चित्रांचा एक संच. त्यात बर्फावरून घसरायची गाडी, शेकोटीचं धुराडं आणि कसलासा पाय नावाचा गोड पदार्थ. खाडीवरून आलेल्या पोराला मी ते धुराडं दाखवून विचारतेय, "हे काय?" पोरगं माझ्याकडे असं बघे की उपचार मलाच हवेत. शेवटी मी तो संच पेटीत घातला आणि जुन्या कॅलेंडरांवरून टोपली, उखळ, होडी, बोंबील, सुपातले तांदूळ असली चित्रं कापून नवा संच चिकटवला. बोंबील दाखवला की बोलत नसलेली पोरंसुद्धा काहीतरी बोलायचीच.

असं सगळं रंगात आलेलं असताना एका दुपारी दोन खाकीवाले दारात उभे राहिले. एक पिकल्या दाढीचा ड्रायव्हर, मुसलमान मोहल्ल्यातला, गावात सगळे त्याला चाचा म्हणत. दुसरा त्याच्या गाडीवरचा नवा कंडक्टर, जवळच्या विचुंब्याचा, माझ्याच वयाचा, गळ्यात तिकिटाच्या पेटीचा पट्टा, मान खाली.

"बाई, ह्याचं काहीतरी करा," चाचा म्हणाला. "पोरगा लाखात एक. दिल साफ, काम पक्कं. पण जबान ऐन वक्ताला दगा देते."

"यांना बोलू दे," मी म्हटलं.

कंडक्टरनं तोंड उघडलं. ओठ मिटले, मानेची शीर फुगली, डोळे घट्ट. बराच वेळ काहीच नाही. मग नुसतंच "प… प… प…" आणि पुन्हा बंद. चाचा माझ्या मागे भिंतीकडे बघत होता, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलंय.

हकिगत अशी होती. त्याच्या घरात बाकीची सगळी माणसं मिठागरावर आणि शेतावर राबलेली. खाकी चढवणारा हा पहिलाच. नेमणूक झाली त्या दिवशी त्याच्या आईनं कंडक्टरचा बिल्ला देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. गाडी मिळाली ती पनवेल ते पेण, सकाळची पहिली. आता तो रस्ता बघा. पनवेल, पळस्पे, कर्नाळा, तारा, खारपाडा, शेवटी पेण. ज्या ज्या अक्षरावर तो अडायचा ते ते अक्षर कुणीतरी मुद्दाम हुडकून वेशीवर बसवलेलं! थांबा आला की तो घंटीची दोरी ओढायचा, गाडी थांबायची, आणि पुकारायचं काम चाचा स्टीअरिंगवरूनच उरकायचा. चाचाला सर्दी झाली तिथे घोटाळा झाला. थंडीची पहाट, ताडपत्रीचे पडदे खाली, बाहेरचं काही दिसत नाही आणि कुणी पुकारलं नाही. ताऱ्याला मुलगी बघायला निघालेली मंडळी पेणला पोचली. तिकडे मुलगी नटून बसली, पोहे गार झाले, आणि मुलाच्या मामांनी डेपोत येऊन असा काही दंगा केला की वरपर्यंत ऐकू गेला. हुकूम आला की महिन्याअखेरीला वरचे साहेब स्वतः त्या गाडीत बसणार. सगळे थांबे कंडक्टरनं पुकारले पाहिजेत, ड्रायव्हरनं तोंड उघडायचं नाही. जमलं तर बिल्ला राहील, नाहीतर उद्यापासून गाड्या धुवायच्या.

"आ… आय…" तो म्हणाला. पुढचं त्याला म्हणता आलं नाही. आईला काय सांगायचं, हेच तो विचारत होता.

पण माझा उत्साह म्हणजे! मी खुर्ची ओढली, म्हटलं, "काही घाबरू नका. माझ्याबरोबर म्हणा. माझ्या तोंडाकडे बघा आणि दोघांनी एकदम. पळस्पे!"

"पळस्पे!" तो म्हणाला.

चाचा भिंतीवरून गर्रकन वळला.

"कर्नाळा!" आम्ही दोघं म्हणालो. "तारा! खारपाडा! पेण!" एकही अक्षर अडलं नाही. अडखळणारा माणूस दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिळवून बोलला की सहसा अडखळत नाही, हे मला शिकवलं होतं. का, ते शिकवणाऱ्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. पण शिकणं वेगळं आणि डोळ्यांसमोर होणं वेगळं. तो स्वतःचाच आवाज ऐकून हसायला लागला, हसता हसता डोळे पुसायला लागला. चाचा "या अल्ला, या अल्ला" करत खोलीभर फिरला. पुढच्या दवाखान्यातून डॉक्टर सुई हातात घेऊन धावत आले, म्हणाले, "कोण गेलं?"

मी तशीच पळत घरी गेले नि आईला सांगितलं, "बरा केला!" आई भाकरी थापत होती. "एका दुपारीत?" ती म्हणाली. "मग उद्या काय करणार?"

उद्या कळलं. एकटा म्हणायला लागला की पुन्हा तेच, शीर फुगलेली नि ओठ मिटलेले. मग मी ठरवलं की खोलीत बसून भागणार नाही, गाडीतच गेलं पाहिजे. आधी त्याच्याबरोबर मी म्हणायचं, मग माझा आवाज रोज थोडा खाली आणायचा, असं करत करत एक दिवस नुसते ओठ हलवायचे, आणि त्याचा एकट्याचा आवाज उरला पाहिजे. कागदावर अगदी झकास होतं.

पहिल्या सकाळी मी पुढच्या दारापाशी उभी राहिले. पळस्पे आलं. मी नि कंडक्टर एका सुरात ओरडलो, "पळस्पेऽ!" गाडी थांबली. उतरणारे उतरेनात, आमच्याकडेच बघत बसले. लग्न न झालेली शिकलेली मुलगी सकाळी सकाळी कंडक्टरबरोबर ओरडतेय! एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे काय नवीन? सरकारनं काढलं का?" मी सगळ्यांना समजावून सांगितलं. अगदी मनापासून, हातवारे करून. याला बोलायला साथ लागते, साथ मिळाली की तो अडत नाही, असं असं आहे.

तिथंच घात झाला. आमच्या माणसांना साथ हवीय म्हणून सांगायचं असतं होय? जाळं ओढताना, आरतीला, पालखीखाली, सगळं एकमुखानं करणारी माणसं ही. कर्नाळ्याला अर्धी गाडी ओरडली. ताऱ्याला सगळी. खारपाड्याला तर बाहेर उभी असलेली माणसंही ओरडली, आणि त्यांना का ते ठाऊकसुद्धा नव्हतं.

चार-पाच दिवसांत त्या गाडीचं काय झालं म्हणून सांगू! लोक दुसरी गाडी सोडून पहिलीला यायला लागले. आमच्या आळीची भजनी मंडळी टाळ घेऊन बसायला लागली. थांबा आला की आधी टाळ, मग पुकारा, मग पुन्हा टाळ. खारपाड्याची एक म्हातारी होती, आगरी, आदल्या संध्याकाळी भाजीची टोपली घेऊन पनवेलला यायची नि सकाळी याच गाडीनं परत जायची, ती स्वतःच्या गावाचं नाव असं खणखणीत लावायची की पुढच्या काचा हलायच्या. एक दिवस आई म्हणाली, मी बघतेच काय चाललंय ते. डोक्यावरून पदर, तोंड गंभीर. पळस्प्याला ती गप्प बसली. कर्नाळ्याला पदर सुटला. पेणला ती सगळ्यांत मोठ्यानं ओरडली आणि परत येताना मला म्हणाली, "आवाज बसला गं माझा. तुझ्याकडे औषध असेल ना?"

आणि आमचा कंडक्टर! घडाघडा बोलत होता. मान वर, टोपी तिरकी. मी सांगायचे, "आता कमी करा हं, हळू म्हणा, उद्या आणखी हळू." मी म्हणे कमी, ते म्हणत जास्त. "अवो बाई, हळू म्हनलं न तो अडला तं?" खारपाड्याची म्हातारी विचारायची. "आमी हाव ना!" मी चिडायचे, ओरडायचे, माझ्या ओरडण्यालाही टाळ लागायचे. हसून हसून माझी पुरेवाट व्हायची, आणि रोज एक दिवस कमी होत होता.

साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी तो खोलीवर आला. मी म्हटलं, एकट्यानं म्हणा. पळस्पे. तो अडला. कर्नाळा. अडला. खारपाडा तर बाहेरच पडेना. "चा… चाचाला सांगा," तो म्हणाला, "हळूच पु… पुकारंल."

"आणि चाचाची नोकरी?" मी म्हटलं.

तो खाली बसला. मला राग आला, त्याचा नाही, त्या साहेबांचा नाही, सगळ्याचाच. पुस्तकात लिहिलंय या कामाला वर्ष-वर्ष लागतं, आणि इथे डेपोनं महिना दिलाय. मी म्हटलं, "हे बघा. उद्यापर्यंत तुमचं अडखळणं जाणार नाही. माझ्या हातात जादू नाही. पण तुम्ही एक करता, अडलात की पळता. मान खाली घालता, दोरी ओढता, चाचाकडे बघता, शब्द अर्धा टाकून देता. उद्या पळायचं नाही. अडलात तर अडा. डोळे उघडे ठेवून अडा. पण सुरू केलेला शब्द पुरा करायचा, कितीही वेळ लागो."

"लो… लोकं हसतील."

"हसतील. मग हसून होईपर्यंत थांबा आणि पुढे म्हणा."

सकाळी मी गाडी लागायच्या आधी स्टँडवर. एकेकाला गाठून बजावलं, आज कुणी तोंड उघडायचं नाही. गळ्याशपथ. तुम्ही ओरडलात तर त्याचा बिल्ला जाईल. टाळवाल्यांना म्हटलं, टाळ मांडीखाली घेऊन त्यावर बसा. लोकांची तोंडं अशी उतरली, जणू मी सण रद्द केला.

साहेब आले. कोट, टोपी, हातात पेन्सिल. पुढच्याच बाकावर, दाराला लागून बसले. गाडी निघाली. एवढी गच्च भरलेली गाडी आणि खोकल्याचासुद्धा आवाज नाही. साहेबांनी एकदा मागे वळून पाहिलं; आपण कुणाच्या मौतीला निघालोय का, असं त्यांना वाटलं असावं.

पळस्पे. त्यानं दोरी ओढली, गाडी थांबली. "प… प…" माझ्या शेजारच्या बाईनं पदराचा बोळा तोंडात घातला. त्यानं डोळे मिटले नाहीत. "प… पळस्पे." साहेबांची पेन्सिल हलली. कर्नाळ्याला जरा जास्त वेळ लागला. ताऱ्याला त्याहून जास्त, आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. तो थांबला. हसणं संपलं. "तारा," तो म्हणाला.

मग खारपाडा. गाडी उभी राहिली. त्यानं तोंड उघडलं आणि काही म्हणजे काही येईना. श्वासच अडकला. चाचाचे खांदे मला दिसत होते. त्या माणसाला तो शब्द गिळायला किती जड जात होतं! म्हातारी टोपली कमरेवर घेऊन दारात येऊन उभी राहिली. उतरली मात्र नाही.

साहेब म्हणाले, "बाई, उतरा. खारपाडा आला, दिसतंय ना?"

"दिसतंय," म्हातारी म्हणाली. "पन त्यानं सांगितलं नाय अजून."

"अहो, पण गाडी खोळंबलीय!"

"मंग खोळंबू द्या. बोलतोय ना तो."

साहेबांनी मागे पाहिलं. खारपाड्याला उतरणारे बाकीचेही गाठोडी घेऊन उभे होते, कंडक्टरकडे बघत, एकही पाऊल न टाकता. कुणी घाई करत नव्हतं. आणि मग चाचानं, ज्याला तोंड उघडायची बंदी होती, हात पुढे करून इंजिन बंद केलं. केवढी शांतता झाली! बाहेर बगळे ओरडत होते तेवढंच.

त्यानं म्हातारीकडे पाहिलं. श्वास सोडला, नवा घेतला. "खा… खा… खारपाडा."

"आता कसं!" म्हातारी म्हणाली आणि उतरली.

पुढे पेणपर्यंत साहेबांनी काही लिहिलं नाही. मी त्यांच्या टोपीकडे बघत होते आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, इंग्रजीत, मराठीत, सगळ्या पुस्तकांचे दाखले देऊन. पेणच्या स्टँडवर गाडी लागली. दार साहेबांच्या हाताशीच होतं. ते उठले नाहीत. टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले.

"पे… पे… पेण," तो म्हणाला.

मग साहेब उठले. टोपी घातली. दारात थांबून त्याला विचारलं, "परतीची गाडी किती वाजता?" आणि उत्तर येईपर्यंत तिथंच उभे राहिले. त्याला चांगला वेळ लागला. साहेब घड्याळाकडे बघत नव्हते, त्याच्याकडे बघत होते.

"न… नऊ वाजता, साहेब."

"मग वेळेवर आणा," साहेब म्हणाले. "थांबे पुकारत आणा." आणि उतरून गेले.

मला रडू येत होतं, हसू येत होतं, चाचा स्टीअरिंगवर डोकं टेकून बसला होता, टाळवाले मांडीखालून टाळ ओढून काढत होते. आणि गाडीतलं एकही माणूस उतरत नव्हतं. सगळे आपापल्या जागी बसलेले, गाठोडी मांडीवर, नजर पुढे. कंडक्टर गोंधळला. "अ… अहो, पेण आलं!"

"आलं की," मागून एक म्हातारा म्हणाला. "पण उतरा कुठं म्हटलंस?"

त्यानं आमच्याकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. टोपी सरळ केली. हसू आवरत नव्हतं त्याला, त्यामुळे आणखीच अडलं, आणि त्यानं अडू दिलं, आणि आम्ही सगळे बसून राहिलो.

"उ… उ… उतरा!" तो म्हणाला, तेव्हा आम्ही उतरलो.